किल्लेदारांच्या घरची ठासणीची बंदूक

अमेरिकेत सगळे सण शनिवारी येतात. पंचांगातला दसरा गुरुवारीच उरकून गेला होता, पण ॲन आर्बरच्या किल्लेदारांकडे तो शनिवारी आला, आणि श्रीराम सकाळपासून पाटावरची मांडणी बदलत बसला होता.

पाटावर त्याच्या बायकोची, नंदाची, विळी होती, गाडीची किल्ली होती, कालच ॲशबर्नहून आलेल्या मुलाचा, वीरचा, लॅपटॉप होता. नंदाच्या धाकट्या बहिणीने, मालिनीने, पिस्कॅटवेहून येताना आणलेली शिवणाची कात्री होती. आणि या सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, झेंडूची माळ गळ्यात घालून एक लांबलचक बंदूक उभी होती.

बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग ओशट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजाने ठासत तळापर्यंत न्यायची, मागे तांब्याची चिमुकली टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि मग चाप. एका बारासाठी एवढी उस्तवार. तेवढ्या वेळात समोरचं हरीण चरून, पाणी पिऊन, घरी जाऊन झोपलं असतं.

"भावोजी, माळ तिरकी झालीय," मालिनी म्हणाली.

"माळ सरळच आहे. बंदूक तिरकी आहे."

"शोभतेय हं पण. किल्लेदारांच्या घरात एकदाचं शस्त्र आलं म्हणायचं!"

ही थट्टा श्रीरामच्या अंगवळणी पडलेली होती. आडनाव किल्लेदार असलं, तरी त्याच्या माहितीतल्या कुठल्याही किल्लेदाराने शाळेच्या सहलीखेरीज किल्ला पाहिला नव्हता. आजोबा तलाठी, वडील पोस्टात, आणि तो स्वतः मोटारींच्या गिअरबॉक्समधली घरघर कमी करण्यात उभी नोकरी घालवून रिटायर झालेला इंजिनिअर. घराण्यातलं सगळ्यात जहाल हत्यार म्हणजे आजीचा अडकित्ता, आणि तोही स्थलांतरांच्या गडबडीत कुठेतरी हरवलेला.

बंदूक घ्यायला तो गेलाच नव्हता. मे महिन्यात नंदाला मोठ्या कुंड्या हव्या होत्या म्हणून दोघं चेल्सी गावाच्या बाजूला एका शेतावरच्या गराज सेलला गेली होती. शेतकरी नवरा-बायको सगळं विकून फ्लोरिडाला निघालेली. धान्याच्या कोठारात बर्फ सारायचं यंत्र आणि गोल्फच्या काठ्या यांच्यामध्ये ही उभी होती, काठीसारखीच, म्हणून श्रीरामने आधी ती काठी समजूनच उचलली. दस्ता अक्रोडाचा, कुणीतरी घरी बसून घासून बसवलेला. नळीला तांबेरा. घोडा खिळखिळा.

"थोडी खाली मारते ती," म्हातारा म्हणाला होता. "पण स्वभावाने चांगली आहे."

ते 'ती' आणि तो 'स्वभाव' श्रीरामला एकदम आवडून गेले. शिवाय तिची किंमत दोन कुंड्यांपेक्षा फार जास्त नव्हती. नंदाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय मनात आलं कोण जाणे, कुंड्या परत ठेवल्या. येताना गाडी तिनेच चालवली. मागच्या सीटवर आडव्या ठेवलेल्या बंदुकीवर त्याने स्वतःचा रेनकोट पांघरला होता, तान्ह्या बाळावर पांघरावा तसा.

मग सबंध उन्हाळा तळघरात गेला. नळीत साबणाचं कढत पाणी ओतून ब्रश फिरवला, तर आतून काळं पाणी आलं आणि सडक्या अंड्यांचा वास घरभर पसरला. नंदाने जेवण डेकवर वाढलं. टोपीखालचं भोक बुजलं होतं ते मोकळं केलं. घोड्याच्या कळीतली स्प्रिंग बदलली. चाप इतका जड होता की ओढताना आख्खी बंदूक उजवीकडे वळायची. त्याचे आतले कंगोरे त्याने मऊ दगडावर घासून इतके गुळगुळीत केले, की ज्या कंपनीत त्याने हयात घालवली तिथे कुणी एवढी सफाई मागितलीही नसती. गोळीखाली लावायच्या चिंध्यांसाठी दाट विणीचं कापड हवं होतं, म्हणून स्वतःचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा बळी दिला. चिंध्या ओशट करायला मेण सांगितलं होतं. त्याने तूप वापरलं.

"चरबी नाही ना रे देवा?" आल्या दिवशी मालिनीने विचारलं होतं. "अठराशे सत्तावन्नला याच्यावरूनच झालं होतं सगळं."

"छे गं, साजूक तूप."

"गाईचं?"

"गाईचंच."

"म्हणजे तुम्ही पुन्हा तिथेच आलात, भावोजी."

शनिवारी-रविवारी तो गावाबाहेरच्या क्लबाच्या मैदानावर जायचा. तिथे झालरींची कातडी जाकिटं घातलेले, दाढ्या छातीपर्यंत आलेले म्हातारे असायचे. त्यांच्यामध्ये हा भर उन्हाळ्यातही मंकी कॅप आणि मफलरवाला. गोळ्या मात्र म्हातारा म्हणाला होता तशाच, खाली. दारू वाढवली, तरी खाली. कापड बदललं, तरी खाली. नळीच्या टोकावरची, नेम धरायची पुढची साइट कानशीने जराशी घासून बुटकी केली, की निशाणा वर सरकतो, असं त्याने वाचलं होतं. घासली. गोळ्या बोटभर वर आल्या. आणखी घासली. दसऱ्यापर्यंत त्या साइटचा उंचवटा हरभऱ्याच्या डाळीएवढा उरला होता आणि गोळ्या जेमतेम कागदाच्या मध्याजवळ पडू लागल्या होत्या. त्या दिवशी त्याने घरी येताना पेढे आणले.

हे सगळं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त थोरल्या मुलीला, रीमाला, नव्हतं.

रीमा डेट्रॉइटच्या एका मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सीची डॉक्टर होती. बंदुकीचे घाव तिच्याकडे सर्दी-खोकल्यासारखे येत.

"तिला आधी फोन करून सांग," नंदा आठवडाभर म्हणत होती.

"समोरासमोर सांगतो ना. झेंडूची माळ घातल्यावर कशी सोज्वळ दिसते बघ. देवाची वाटते."

"रीमाला?"

"बरं, नाही वाटणार. पण भूक लागलेली असेल, श्रीखंड पुढे असेल. बघू."

रीमा ड्यूटीवरून थेट आली. अंगात अजून हॉस्पिटलचे निळे कपडे, केस कसेतरी वर बांधलेले. दारातच तिने मावशीला मिठी मारली, वीरच्या पाठीत धपाटा घातला आणि गळ्यातला स्टेथोस्कोप काढत पाटाकडे आली. "माझं पण ठेवते पूजेला, थांबा." ती वाकली, स्टेथोस्कोप लॅपटॉपवर ठेवला आणि वाकलेलीच राहिली.

"हे खरं आहे?"

मालिनी उदबत्ती पेटवण्यात फारच गुंतली.

"बाबा. इज धिस रिअल?"

"खरी म्हणजे... जुनी आहे. अँटीकच्या धर्तीची. म्हणजे एका गोळीला इतका वेळ लागतो, की..."

"घरात गन आहे. आपल्या घरात. आणि तुम्ही तिला कुंकू लावलंय."

"हळद पण," श्रीराम म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की हे म्हणायला नको होतं.

"वीर, तुला माहीत होतं?"

काल रात्री हाच वीर बंदूक खांद्याला लावून "बाबा, धिस इज सो कूल यार" म्हणत आरशासमोर फोटो काढत होता. "मला कालच कळलं," आता तो म्हणाला. "मी म्हटलं होतं त्याला, ताईला सांग म्हणून."

"कधी म्हणालास?" श्रीरामने विचारलं.

"मनात," वीर म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घालून सोफ्यावर बसला. श्रीरामच्या सैन्यातला पहिला शिपाई असा पळाला.

दुसरी मालिनी. "अगं रीमा, दसऱ्याला शस्त्राची पूजा करायचीच असते. भावोजींची हौस आहे. आमच्याकडे शेजारचा गोल्फच्या काठ्या ठेवतो पूजेत."

"मावशी, गोल्फच्या काठीने गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. गन्सने गेलेले या आठवड्यात..." तिने वाक्य सोडून दिलं. डोळ्यांवरून हात फिरवला. "मी जाते. सॉरी. मला नाही थांबता येणार इथे."

मालिनीने पाटावरून आपली कात्री हळूच उचलून मांडीवर घेतली. दुसरा शिपाई.

श्रीरामला वाटलं आता नंदाही जाईल. तिला या बंदुकीचं प्रेम असं कधीच नव्हतं. तळघरातून वास आला की ती खिडक्या उघडायची, एवढंच. पण नंदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मला माहीत होतं, रीमा. पहिल्यापासून. मीच गाडी चालवून आणली ती."

"आई, तू?"

"हो. आत ये. हात धू. पुऱ्या तळायच्यात आणि मला तुझ्याशी बोलायचंय."

आत काय बोलणं झालं ते श्रीरामला ऐकू आलं नाही. तेल तडतडत होतं. एकदा नंदाचा आवाज आला, "फेब्रुवारीत," आणि मग बराच वेळ फक्त झारा कढईवर आपटल्याचा आवाज. श्रीराम पाटासमोर उभा राहून समईची वात उगाच पुढे करत राहिला. फेब्रुवारी हा शब्द घरात कुणी काढत नसे. तो त्याने स्वतःच इतक्या कोट्या करून झाकून टाकला होता, की आपण सोडून तो आणखी कुणाला दिसत असेल असं त्याला खरंच वाटलं नव्हतं.

आरती झाली. मालिनीने खणखणीत आवाजात म्हटली. बाकीच्यांनी ओठ हलवले. सोनं म्हणून नंदा दरवर्षी परसातल्या रेडबडची पानं वाटायची. आकार थोडाफार आपट्यासारखा, आणि मिशिगनच्या ऑक्टोबरात ती आपोआप पिवळी पडतात, त्यामुळे इथलं सोनं तिकडच्यापेक्षा जास्त सोन्यासारखं दिसतं, असं ती म्हणे. रीमाने वाकून नमस्कार केला, बाबांच्या हातात पान दिलं आणि म्हणाली, "जेवणाआधी पाच मिनिटं खाली चल. तू आणि मी. ती पण घे."

तळघरात कामाच्या बाकावर दिवा होता. श्रीरामने बंदूक लाकडी घोडीवर आडवी ठेवली. माळ तशीच होती. रीमा समोरच्या स्टुलावर बसली. तिने बंदुकीला हात लावला नाही.

"हे बघ," श्रीराम म्हणाला, "तू समजतेस तसली ही नाही. हिच्याने कुणाला मारायचं तर आधी त्या माणसाला थांब म्हणून विनंती करावी लागते. दारू मोजा, चिंधी शोधा, चष्मा शोधा..."

"बाबा, जोक नको."

तो थांबला.

"आमच्याकडे असे लोक येतात," रीमा खाली बघत म्हणाली. "रिटायर झालेला माणूस. दिवसभर बेसमेंटमध्ये एकटा. आयुष्यात कधी गन घेतली नाही आणि एक दिवस घेतो. घरच्यांना वाटतं, चला, हॉबी लागली. मग आम्हाला त्यांना बाहेर जाऊन सांगावं लागतं. मी सांगते, बाबा. मी. म्हणून मी आता तुला विचारते, जसं पेशंटला विचारते तसंच. तुला जगायचं नाही असं वाटतंय का?"

श्रीरामच्या तोंडाशी एक उत्तर आलं होतं, गमतीशीरच. त्याने ते गिळलं. ही पोर रडत नव्हती. तिचा आवाज सपाट होता, कामावरचा. फक्त गुडघ्यावरच्या दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. त्याला वाटलं होतं ती बंदुकीवर चिडली आहे. ती घाबरली होती, आणि वरच्या त्या सगळ्या गदारोळात हे फक्त नंदाला कळलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही."

"आता?"

एक शब्द जास्त पडला होता. श्रीराम बंदुकीवरची माळ सरळ करू लागला. रीमा त्याच्याकडे बघत राहिली. पेशंट बोलेपर्यंत थांबायची तिला सवय असावी.

तेवढ्यात जिन्यावरून मालिनीची हाक आली, "भावोजी! पुऱ्या गार होतायत! भांडण श्रीखंड खाऊन करा!"

रीमा उठली. बाकावर टोप्यांची छोटी गोल डबी होती. तिने ती उचलली, उघडून पाहिली. "यांच्याशिवाय उडत नाही ना ही?"

"नाही."

"मग या माझ्याकडे." तिने डबी खिशात टाकली. "मी राहते आज. उद्या सकाळी कुठे जातोस ते मला दाखव. आणि 'आता' म्हणजे काय ते सांगायचंस."

जेवताना सगळे मोठमोठ्याने दुसऱ्याच गोष्टींवर बोलले. वीरने लाजत बहिणीच्या पानात श्रीखंड वाढलं. मालिनीने कात्री पुन्हा पाटावर नेऊन ठेवली. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटलं.

सकाळी मैदानावर धुकं होतं. कातडी जाकिटवाल्या म्हाताऱ्यांनी रीमाला कॉफी दिली, कानांना लावायची झापडं दिली आणि "तुझे वडील फार चिकाटीचे," असं सांगितलं. ज्याच्या गोळ्या लागत नाहीत त्याच्याबद्दल याहून चांगलं बोलता येत नाही, हे श्रीरामला ठाऊक होतं.

त्याने दारू ओतली. लेंग्याची चिंधी, गोळी, गज. रीमाने खिशातून डबी काढून एक टोपी त्याच्या तळहातावर ठेवली, एकच. त्याने घोडा ओढला, नेम धरला, चाप दाबला. धडाड आवाज झाला, पांढरा धूर सगळीकडे पसरला. कागदाच्या मध्याच्या जरा खाली भोक पडलं होतं.

"बघितलंस?" तो अभिमानाने वळला. "उन्हाळाभर काम केलंय हिच्यावर."

रीमा विचित्र चेहऱ्याने त्याच्याकडे बघत होती. "पुन्हा कर."

तिने दुसरी टोपी दिली. या वेळी ती कागदाकडे न बघता बाजूला त्याच्या खांद्यापाशी उभी राहिली. धडाड.

"बाबा, तू डोळे मिटतोस."

"छे!"

"दोन्ही. चाप ओढायच्या आधीच. आणि हात खाली जातो तुझा. इंजेक्शन बघितल्यावर लोक करतात तसं."

श्रीरामला पटलं नाही. मग तिसऱ्या वेळी 'टोपी मी बसवते' असं म्हणून तिने ती बसवलीच नाही. आहे असं समजून त्याने नेम धरला आणि चाप ओढला. घोडा टक्कन आपटला. आवाज नाही, धूर नाही, आणि त्या शांततेत श्रीरामला स्वतःला स्पष्ट कळलं, की आपले डोळे गच्च मिटलेले आहेत, मान खांद्यात गेलेली आहे आणि बंदुकीचं तोंड समोरच्या गवताला वंदन करतंय.

बाजूच्या बाकावरचे दोघे म्हातारे एकदम आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधू लागले. त्यांना बहुधा पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग आता उघडे ठेव," रीमा म्हणाली आणि तिने एक टोपी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने उघडे ठेवले. ते किती अवघड असतं हे सांगून पटणार नाही. ठिणगी दिसली, धूर दिसला, आणि धूर विरला तेव्हा कागदावर नवं भोक कुठेच नव्हतं. गोळी कागदाच्या वरून, मातीच्या बांधाच्याही वरच्या टोकाला लागून माती उडाली होती.

श्रीरामने खाली पुढच्या साइटकडे पाहिलं. हरभऱ्याची डाळ. सबंध उन्हाळा, कानशीने, इमानेइतबारे.

"म्हणजे ही बंदूक बरोबर होती," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तो शेतकरीही डोळेच मिटत असणार. मी तिला दुरुस्त करून बिघडवली."

रीमाला हसू आवरेना. ती बाकावर बसली, झापडं काढली आणि पोटावर हात धरून हसली, तशी ती शाळेत असताना हसायची. श्रीरामही हसला. म्हाताऱ्यांनीही आता लपवालपवी सोडली. एकाने सांगितलं, नवी साइट मिळते, बसवायला वेळ लागत नाही. दुसरा म्हणाला, मी मदत करतो, पुढच्या शनिवारी ये.

"टोप्या आणि दारू इथल्या कपाटात राहतील," रीमा म्हणाली. "क्लबाच्या. घरी नाही. चालेल?"

"चालेल."

"आणि बंदूकही."

श्रीरामने दस्त्यावरून हात फिरवला. "चालेल," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

कपाटाला कुलूप लावून ते गाडीत येऊन बसले. रीमाने गाडी सुरू केली, हीटर लावला, पण गिअर टाकला नाही. समोर काचेवर धुकं साचत होतं.

"घरी आई वाट बघतेय," श्रीराम म्हणाला.

"आईनेच सांगितलंय घाई करू नका म्हणून." ती त्याच्याकडे वळून बसली. "ती म्हणाली, हिवाळ्यात तू महिनाभर तळघरातून वर आला नाहीस. सगळ्यांना फोनवर सर्दी झालीय म्हणून सांगायचास. ती रात्री जिन्यात बसून राहायची, तुझ्या खुर्चीचा आवाज येतोय का ऐकत. तुला माहीत होतं हे?"

"नाही," श्रीराम म्हणाला. खरंच माहीत नव्हतं.

"उद्या मी तुझ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेणार आहे."

"तू आहेस की डॉक्टर."

"मी मुलगी आहे, बाबा. म्हणून मला आधी सांग."

श्रीरामने काचेवरचं धुकं बोटाने पुसायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. रीमा थांबली होती. तिला कसलीच घाई दिसत नव्हती.

"फेब्रुवारीत," तो म्हणाला, आणि सवयीने पुढचा विनोद शोधू लागला. बराच शोधला. सापडेना. मग त्याने तसंच, आहे तसं, सांगायला सुरुवात केली.